औषध बंद केल्याची तारीख

माझं दुकान खताचं. सानगडीहून लाखांदूरकडे जाताना आमचं गाव लागतं आणि एसटी जिथं थांबते त्याच्या अगदी समोर माझ्या दुकानाचं दार. धानाचं बियाणं, युरिया, फवारणीच्या बाटल्या, आणि आतल्या एका फळीवर गुराढोरांची नि कोंबड्यांची औषधं. वीस वर्षं झाली. या वीस वर्षांत औषधाच्या पुडीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा, असं म्हणणारा माणूस मला एकच भेटला, तो सुखराम. बाकी गिऱ्हाईक रंगावर चालतं. लाल डबीवालं द्या, मागच्या खेपेची निळी पुडी द्या. मी देतो. दुकानदारानं आणखी काय करायचं असतं, असंच मला बरीच वर्षं वाटत होतं.

सुखराम ढिवर मोहल्ल्यातला. उंच, पुढं वाकलेला, साठीच्या आसपासचा. बाप, आजा तलावावर मासोळ्या धरून जगले, तोही जगला. पण पाण्यात उभं राहून राहून गुडघे गेले, तेव्हा त्यानं तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, स्वतःच्या जागेत शेड बांधलं आणि बॉयलर कोंबड्या पाळायला लागला. लाखनीहून तीनशे पिल्लं आणायची, खाली धानाचं तूस अंथरायचं, पहिले काही दिवस बल्बची ऊब द्यायची आणि चाळीस-बेचाळीस दिवसांनी शेडच्या दारातच विकायची. कुठल्या कंपनीचा करार नाही, कुणाचा साहेब येऊन बघणार नाही. पक्ष्यांना सर्दी झाली की तो माझ्याकडून निळी पुडी न्यायचा आणि पाण्यात घालून पाजायचा. सगळेच तसं करतात.

तो फार बोलत नसे. दिवसभर जाळं टाकून पाण्याकडे बघत बसणाऱ्या माणसाची बोलायची सवयच मोडते. त्याच्या वाट्याचं त्याची बायको रेवताबाई बोलायची. ती दुकानात आली की एका पुडीच्या बदल्यात सगळ्या मोहल्ल्याची खबर मला फुकट मिळायची. सुखराम बाहेर सायकल धरून उभा. "इचारा तुमच्या भावाले, घरी तरी तोंड उघडते का," असं ती त्याच्याकडे हात करून म्हणायची, आणि तो नुसता हसायचा. मुलगी एक, रिंकू. ती लाखांदूरला दिलेली. एवढंच घर.

आता त्याचा एक नियम सांगायला हवा, कारण सगळं त्यातच अडकलेलं आहे. शेडात तीनशे पक्षी म्हणजे रोज एखाददुसरा मान टाकणार, पाय ओढणार, घशात खरखर करणार. अशा कोंबडीचं लोक काय करतात ते मी पाहिलं आहे. झटक्यात कापून, तुकडे करून बाकीच्या मटणात मिसळून देतात, मसाल्यात कुणाला काय कळतं? सुखरामनं शेड बांधल्यापासून आठ वर्षांत अशी एकही कोंबडी गिऱ्हाइकाला दिली नाही. "बिमार माल लोकाईच्या घरी कसा पाठवू जी?" म्हणायचा. पण महिनाभर दाणा घालून वाढवलेला जीव उकिरड्यावर तरी कसा टाकायचा? मग ती कोंबडी घरी जायची, चुलीवर चढायची. सुखरामला स्वतःला मासोळीशिवाय जेवण जात नाही. ती खायची रेवताबाईनं, आणि लग्न होईपर्यंत रिंकूनं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. म्हणजे ज्या कोंबडीला चोचीत धरून सर्वांत जास्त औषध पाजलं, नेमकी तीच. मोहल्ल्यातल्या बायका म्हणायच्या, रेवताबाईची मजा आहे, हिच्याकडे सदा रस्सा.

गेल्या वर्षी श्रावणात रेवताबाई गेली.

लघवीची जळजळ, मग हुडहुडी भरून ताप. बायका जसं अंगावर काढतात तसं तिनं काढलं. मग गावातला डॉक्टर, मग भंडाऱ्याचा दवाखाना. तिथं एकामागून एक औषधं बदलून पाहिली, ताप उतरेना. अकरा दिवसांत सगळं आटोपलं. मी मातीला गेलो होतो. सुखराम रडला नाही, फक्त परत येताना तलावाच्या पाळीवर थांबला आणि आम्ही सगळे पुढं निघून गेलो तरी तिथंच उभा राहिला. मला मागं फिरून त्याच्याजवळ जावंसं वाटलं होतं. पाऊस येईल म्हणून गेलो नाही.

तेरवी झाल्यावर चार-पाच दिवसांनी तो दुकानात आला. हातात प्लास्टिकची थैली. त्यातून त्यानं दवाखान्याचा एक कागद आणि निळी पुडी काढून काउंटरवर शेजारी शेजारी ठेवली.

"विनोदभाऊ, हे वाचून सांगा."

कागद लघवीच्या तपासणीचा होता. खाली औषधांच्या नावांची यादी आणि बहुतेक प्रत्येक नावासमोर एकच इंग्रजी अक्षर, आर. त्याचा अर्थ डॉक्टरनं त्याला सांगितला होता. ज्याच्यासमोर आर आहे त्या औषधाला हा जंतू आता जुमानत नाही.

"डॉक्टरनं मले इचारलं, बाईनं या अगोदर लय गोळ्या खाल्ल्या का? मी मनलो, एक बी नाई साहेब, सुईले तं ते भेत होती. मंग त्यानं इचारलं, तुमी काय करता? मी मनलो, कोंबड्या पाळतो. मंग तो काईच बोलला नाई." त्यानं पुडी माझ्याकडे सरकवली. "आता हिचं नाव वाचा."

मी वाचलं. विचार करायच्या आधी मोठ्यानं वाचून बसलो. त्या यादीतलं तिसरं नाव तेच होतं, समोर आर.

"मांगून का लिवलं हाय?"

पुडीच्या मागच्या बाजूला मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं होती. मी चष्मा कपाळावर चढवून पुडी डोळ्यांजवळ धरली. औषध बंद केल्यावर सात दिवसांपर्यंत पक्षी खाण्यासाठी कापू नये, असं लिहिलं होतं. आठ वर्षं मी ही पुडी विकत होतो.

"तुमाले माईत होतं?" सुखरामनं विचारलं.

"नाई जी."

ते खरं होतं. पण वाचता येणाऱ्या माणसानं माहीत नव्हतं म्हणणं, यापेक्षा खोटं बोलणं परवडलं असतं. सुखराम मला एक शब्द लागेल असा बोलला नाही. तो बोलला असता तर मला बरं वाटलं असतं, हेही आता सांगून टाकतो.

मी गप्प बसलो नाही. ओळखीच्या एका पशुवैद्याला विचारलं. त्यानं सांगितलं, असा औषधाला सरावलेला जंतू कुठूनही येतो, पाण्यातून, दुसऱ्या रोग्याकडून, कोंबडीतूनही येऊ शकतो, पण अमक्याच ताटातून आला असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी धावत जाऊन ते सुखरामला सांगितलं. त्याच्यासाठी गेलो होतो का माझ्यासाठी, ते विचारू नका. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "असन," म्हणाला, आणि रिकाम्या शेडातलं तूस फावड्यानं ओढत राहिला.

शेड होळीपर्यंत रिकामं होतं. मला वाटलं, आता हा पुन्हा जाळं उचलेल. पण चैत्रात त्यानं पिल्लं आणली. का आणली विचारलं तर म्हणाला, "घरात आवाजच नाई जी. हे चिवचिव तं करतेत."

त्याच खेपेला त्यानं शेडच्या दाराला रिंकूची शाळेतली जुनी पाटी टांगली. चौथी शिकलेलं त्याचं अक्षर, मोठं मोठं. वर लिहिलं होतं, औषध बंद केल्याची तारीख. त्याखाली खडूनं तारीख. त्याखाली, या तारखेपासून विक्री. अशी पाटी मी भंडारा जिल्ह्यात दुसरीकडे कुठं पाहिलेली नाही.

लोक पाटीसमोर उभे राहायचे, वाचायचे, आणि घाबरायचे. "मंजी यात औषध रायते का?" एवढी वर्षं हा प्रश्न कुणाच्या डोक्यात आला नव्हता, आणि आला तो नेमका त्याच्याच दारात आला. एसटी थांब्याजवळ मनिषचं चिकन सेंटर आहे. त्याच्या पाटीवर गॉगल लावलेल्या कोंबड्याचं चित्र आहे, अंगठा दाखवणारं. कोंबड्याला अंगठा कुठून आला, हेदेखील कुणी विचारत नाही. मनिषकडे गाडी येते, कुठून येते, त्या पक्ष्यांनी शेवटचं औषध कधी प्यायलं, त्यालाही ठाऊक नाही. पण तिथं तारीख लिहिलेली नसल्यामुळे तिथला माल चांगला.

मी वैतागलो. शेडवर जाऊन सुखरामला झापलं, वयानं तो मोठा असला तरी.

"पाटी काहाडा ते. सात दिवस तुमी मनातल्या मनात पाळा ना. पाळता ना? मंग लोकाईले सांगाचं कायले?"

तो पाण्याची भांडी घासत होता. हात न थांबवता म्हणाला, "नाई सांगतलं मनून तं झालं सारं."

"पन लोकं भेऊन राहिले ना तुमच्या या पाटीनं."

"भेऊ द्या. माईत होऊन भेतेत."

मी परत आलो. चिडलो होतो, आणि कुणावर चिडलो होतो ते मला नीट ठरवता येत नव्हतं.

मग आखाडी आली. आमच्याकडे आखाडीला घरोघरी कोंबडी शिजते, पुढं श्रावण असतो. आखाडीच्या दहा-बारा दिवस आधी सुखरामच्या पक्ष्यांना सर्दी झाली. रात्रंदिवस शेडातून खरखर. औषध दिलं नसतं तर निम्मे मेले असते, म्हणून त्यानं दिलं, मोजून पाच दिवस. मग बंद केलं आणि पाटीवर तारीख लिहिली. सात दिवस आखाडीनंतर दोन दिवसांनी पुरे होत होते. त्यानं बोटांवर दोनदा मोजलं, माझ्याकडूनही मोजवून घेतलं.

आखाडीच्या सकाळी लोक पिशव्या घेऊन दारात उभे. तो प्रत्येकाला सांगत होता, परवा या. सोमाजी आला. सोमाजी आणि तो पोरवयापासून एका डोंग्यात बसून मासोळ्या धरलेले. सोमाजी म्हणाला, "सुखराम, पाहुणे घरी येऊन बसले हायेत. दोन दे."

"नाई देत गा. परवा नेजो."

"माया घरी पाहुणे आज हायेत."

"आजच्या तारखेले नाई देत. तुयं घर हाय मनूनच नाई देत."

सोमाजीनं पिशवीची गुंडाळी केली. "मंग आता तुया तेरवीलेच येतो," म्हणाला आणि मनिषच्या दुकानाकडे गेला. त्याच्या मागोमाग बाकीचे गेले.

परवा उजाडला तेव्हा सुखरामनं पाटीवरची तारीख पुसून 'आजपासून विक्री' असं लिहिलं. शेडाबाहेर पाणी मारून ठेवलं. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बॉयलर कोंबडी ठरलेल्या दिवसांपलीकडे ठेवता येत नाही, वजन वाढत जातं आणि पाय ते पेलत नाहीत. बसल्या बसल्या मरते. श्रावण लागेस्तोवर रोज पाच-सहा मरत गेल्या. तो पाळीच्या खालच्या अंगाला खड्डा खणून, चुना टाकून पुरायचा. ज्यांच्या अंगात औषधाचा अंश उरला नव्हता अशा त्या कोंबड्या. मी मोटारसायकलवरून जाताना त्याला खणताना पाहायचो. एकदा हॉर्न वाजवला, त्यानं हात वर केला. थांबलो मात्र नाही.

माझ्या घरचं काय सांगू? बायकोला, सरिताला म्हटलं, या रविवारी सुखरामकडून आणू. ती म्हणाली, "नका आणू बापा. काय काय औषध देते तो."

"सारेच देतेत. तो सांगते."

"सांगते मंजी देतेच ना?"

मी समजावून सांगू शकलो असतो. मी तर स्वतः विकतो, माझ्याइतकं कुणाला माहीत? पण भूक लागली होती, वाद नको होता. पिशवी घेऊन मनिषकडे गेलो.

पुढं त्यानं पिल्लं आणणं बंद केलं. दिवसभर पाळीवर बसून असायचा. मोहल्ल्यातले त्याच्याशी भांडले नाहीत, वाळीत वगैरे टाकलं नाही, रामराम चालूच होता. पण लग्नाचं, बारशाचं जेवण असलं की वाढायला त्याला कुणी बोलावेना. आमच्याकडे वाढायला बोलावणं हा मान असतो. पंगतीत आता तो जेवायला बसायचा आणि उठायचा. त्याच्या हातचं कुणाला नको होतं, असं तोंडानं कुणी म्हटलं नाही.

रिंकूचा रोज फोन यायचा. जेवलात का बाबा, काय केलं होतं बाबा. तो सांगायचा, वरण केलं, भात केला. आईच्या आजाराबद्दल त्यानं तिला काही सांगितलं नव्हतं, रिपोर्ट दाखवला नव्हता, पुडीबद्दल अक्षर काढलं नव्हतं. हे एकच त्याला खात होतं. मला म्हणाला, "गाव नाई आला तं नाई आला जी. पन रिंकूनं माया हातची खाल्ली पायजे. सारं माईत होऊन खाल्ली पायजे."

दिवाळी जवळ आली तसा तो पुन्हा माझ्या दुकानात दिसू लागला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. दुपारी दुकानं, पाळणे, घरोघर पाहुणे, आणि रात्री नाटक. लेकीबाळी माहेरी येतात, नाटक बघून दुसऱ्या दिवशी जातात. नाटक न बघता परत जाणारी लेक मी तरी पाहिलेली नाही. रिंकू आणि जावई चंदन येणार होते. त्यासाठी सुखरामनं दहा पिल्लं आणली होती. तीनशेच्या शेडात फक्त दहा.

तो चुना न्यायला यायचा आणि युरियाच्या पोत्यावर बसून मला त्या दहांची खबर द्यायचा. आज विसावा दिवस. चार-चार दिवसांनी तूस बदलतो. पाणी उकळून थंड करून देतो. आज तिसावा दिवस, एकही शिंकली नाही. घरात उरलेल्या निळ्या पुड्या त्यानं आधीच आणून माझ्या काउंटरवर ठेवल्या होत्या. गावात दुसरीकडे ती पुडी मिळत नाही. त्या दहा कोंबड्यांच्या पोटात औषधाचा कणही गेलेला नाही, हे त्याच्याखेरीज मला एकट्यालाच पक्कं ठाऊक होतं. तो इतकं बोलायचा की मला रेवताबाईची आठवण यायची.

मंडईच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं, "तिले जेवनाच्या अगोदर सांगू का जेवल्यावर?"

"सांगूच नोका," मी म्हणालो. "पोरगी चार घास सुखानं खाईन."

तो पोत्याची शिवण बोटानं उसवू लागला. मग म्हणाला, "नाई सांगतलं अन् तिनं खाल्ली, तं ते तिच्या आईवानीच खाल्ली ना." उठताना म्हणाला, "तुमी बी जेवाले या उद्या. कोनी एक जन सोबत पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेलो. बाहेर मंडईचे भोंगे वाजत होते. सुखरामनं अंगण सारवून घेतलं होतं, धुतलेला सदरा घातला होता. चुलीवर मोठ्या गंजात रस्सा रटरटत होता, वास पाळीपर्यंत जात होता. रिंकू आणि चंदन सतरंजीवर बसलेले. रिंकू आईसारखीच, एका दमात सासरचं सगळं सांगत होती. सुखरामनं चार ताटं मांडली. मग वाढायच्या आधी तिच्यासमोर उकिडवा बसला आणि सगळं सांगितलं. रिपोर्टावरचं आर, पुडीवरचं नाव, सात दिवस, बिमार कोंबड्या घरी यायच्या त्या. काहीच गाळलं नाही. शेवटी म्हणाला, "हे आजची, हिले थेंबभर बी औषध नाई. तुयासाठीच पोसली."

रिंकू माझ्याकडे वळली. "काका, खरं हाय का हे?"

"आईचं नक्की कोनी सांगू शकत नाई," मी म्हणालो. "पन पुडीवर लिवलं हाय ते खरं हाय. अन् आजच्या कोंबडीले औषध नाई, हे बी खरं हाय."

ती ताटाकडे बघत राहिली. चंदननं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिनं वर पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, मी बी खाल्ली ना. कितीक वर्सं खाल्ली."

सुखरामनं मान हलवली. हा विचार त्यानं केला नसेल असं नाही, पण तिच्या तोंडून तो ऐकायची त्याची तयारी नव्हती. माझीही नव्हती.

ती रागावली नाही. रागावली असती तर भांडण झालं असतं, रडारड झाली असती, आणि मग सगळे जेवले असते. ती म्हणाली, माझ्या पोटात सकाळपासून बरं नाही. चंदन म्हणाला, मलाही फारशी भूक नाही. सुखराम "असू दे, असू दे," म्हणत उठला, पटकन तुरीचं वरण लावलं आणि दोघांना वरणभात वाढला. दोघं खाली मान घालून जेवले. तिनं पुन्हा भात मागितला, बापाचं मन राखायला. तेवढं तिनं केलं.

चार वाजताच्या एसटीनं ती दोघं गेली. चंदनला सकाळी कामावर जायचं आहे, असं तिनं सांगितलं. रस्त्यावर सगळे लोक गावाकडे येत होते आणि ती दोघंच उलटी चालली होती. सुखराम थांब्यापर्यंत गेला, मी मागं होतो. एसटी हलल्यावर तिनं खिडकीतून हात केला. "जेवत जा बाबा," म्हणाली.

आम्ही परत त्याच्या अंगणात आलो. गंज तसाच भरलेला होता. त्यानं झाकण उघडून पाहिलं, चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि मला म्हणाला, "बरोबर हाय तिचं. मी राहतो तिच्या जागी तं मी बी नाई खात." मग एक ताट पुसून माझ्यासमोर ठेवलं. "तुमी बसा विनोदभाऊ. तुमाले तं माईत हाय."

मला माहीत होतं. सकाळपासून माझ्या पोटात अन्नाचा कण नव्हता, आणि वास असा सुटला होता की तोंडाला पाणी आलेलं. तरी ताटावर हात जाईना. काय झालं मला, आजही सांगता येत नाही. कोंबडीची भीती नव्हती. गाव ज्याच्या हातचं खात नाही त्याच्या हातचं खाणारा पहिला माणूस मी व्हायचं, त्याची भीती होती बहुतेक.

"घरी पाहुणे आले हायेत," मी म्हणालो. "त्याईच्यासंग बसा लागन मले."

"हो जी, बसा लागते," सुखराम म्हणाला आणि ताट उचलून घेतलं.

घरी आलो. पाहुणे खरंच आलेले होते, पानं वाढलेली होती. सरितानं मनिषकडून आणलेली कोंबडी केली होती. मला लाज वाटत होती, चांगलीच वाटत होती. तरी बसलो, आणि दोनदा रस्सा मागून घेतला.